जांघेतला गोळा आणि आमचं खानदान

मागच्या सोयाबीनच्या हंगामात बाबा पोतं ट्रॅक्टरवर टाकता टाकता थांबले आणि पाठ फिरवून उभे राहिले. मला वाटलं, लघवीला गेले असतील. नंतर कळलं, जांघेत आलेला गोळा, म्हणजे हर्निया (पोटाच्या भिंतीतल्या कच्च्या जागेतून बाहेर आलेलं आतडं), तळहातानं दाबून आत सारत होते. चार वर्षांपासून सारत होते! वरून दुपट्टा गुंडाळला की कोणाला पत्ता लागत नाही.

दिवाळीच्या तोंडावर एका रात्री तो आत गेलाच नाही. दगडासारखा कडक झाला, उलट्या सुरू, पोट फुगलेलं. अडकलेल्या आतड्याचं रक्त तुटलं की हातात काही तासच असतात, हे आम्हाला ऑपरेशन झाल्यावर समजलं. गाडी मिळून जिल्ह्याला पोचेस्तोवर पहाट झाली. वाचले.

डॉक्टरांनी विचारलं, "घरात आणखी कोणाला?" मोठे काका छताकडे पाहायला लागले. मग हळूच म्हणाले, "मलेबी हाये. डाव्या बाजूनं." आबाजींनाही होता म्हणे. ते लंगोट कसून बांधायचे, आम्ही पोट्टे तो पैलवानकीचा शौक समजत होतो.

गावात यावर दोन मतं. एक, "बॅगा उचलल्या म्हणून झालं." दुसरं, "खानदानीच हाये, त्याले काय करता?" मला दोन्ही अर्धवट वाटतात. मंडीतले हमाल जन्मभर पोती उचलतात, सगळ्यांनाच कुठं होतो? पोरगा आईच्या पोटात असताना वृषणं जांघेतूनच खाली उतरतात, म्हणून पुरुषांची ती जागा मुळात कच्ची. पुस्तकात आकडा आहे: 100 पुरुषांमागे साधारण 27 जणांना आयुष्यात कधीतरी जांघेतला हर्निया होतो, बायकांमध्ये 3. बाप-भावाला असेल तर आपला धोका वाढतो. 2015 मध्ये शास्त्रज्ञांना याच्याशी जोडलेल्या जनुकांच्या 4 जागा सापडल्या. पोटाची भिंत कोलेजन नावाच्या चिवट प्रथिनावर उभी असते, आणि ते काही घरांत मुळातच कमजोर निघतं.

पण बाबांची तीस वर्षांची बिडी आबाजींनी दिलेली नव्हती. बिडी कोलेजनही खराब करते आणि खोकलाही देते, आणि प्रत्येक खोकल्याला आतून त्याच जागेवर धक्का बसतो. हंगामात दिवसभर पाणी नाही, मग संडासात कुंथणं. साठीनंतर लघवीला जोर लागत असेल तर प्रोस्टेट (पुरुषांची लघवीच्या पिशवीखालची ग्रंथी) दाखवायचं, तेही राहिलं. युरियाची बॅग 45 किलोची, डीएपीची 50 ची. दोघांनी उचलली तर काय इज्जत जाते? (बाबांची बिडी सुटली. खर्रा सुटला नाही, ते भांडण वेगळं.)

एवढं करूनही आमच्या घरात हर्निया होणारच नाही, असं मी म्हणत नाही. आणि एकदा भोक पडलं की व्यायाम, चूर्ण, बाजारातला पट्टा, काहीच ते बुजवत नाही. त्रास नसलेला लहान गोळा डॉक्टरांच्या नजरेखाली थांबू शकतो. दुपट्ट्याखाली नाही.

मी स्वतः तपासून आलो. कपडे काढून खोकायला लावतात, दोन मिनिटांचं काम. सध्या काही नाही. काका म्हणतात, "कापूस घरात आला का जाऊ." मी तारीख घेऊन ठेवली आहे, वेचणीच्या आधीची.