एडवर्ड सईद न वाचता कसे वापरावेत

२५ सप्टेंबरची पुण्यतिथी जवळ आली की पॅलेस्टिनी-अमेरिकन विचारवंत एडवर्ड सईद यांचा वारसा सांगणाऱ्यांचा हंगाम सुरू होतो. परवाच्या एका चर्चासत्रात वक्त्यांनी तासाभरात सईद यांचं नाव बारा वेळा घेतलं, पॅलेस्टाइनचं एकदाही नाही. टाळ्या मात्र कडकडून पडल्या. म्हणजे हे जमतं. तुम्हालाही जमेल.

आधी पुस्तक विकत घ्या. ‘ओरिएंटॅलिझम’, १९७८. उघडू नका. मुखपृष्ठावर फ्रेंच चित्रकार जेरोमचं गारुड्याचं चित्र असलेली आवृत्ती मिळाली तर सोन्याहून पिवळं. अंगाला साप गुंडाळलेला, पाठमोरा, नागडा पोरगा, मागे निळ्या फरश्यांची भिंत, भिंतीला टेकून बसलेले बघे. त्याच्याकडे बोट दाखवून “ही पाहा पश्चिमेची नजर” म्हटलं की पाच मिनिटं सहज निघतात.

आडनाव सईद, म्हणजे माणूस मुसलमान, असं धरून चाला. घर प्रॉटेस्टंट ख्रिस्ती होतं आणि ‘एडवर्ड’ हे नाव ब्रिटनच्या युवराजावरून ठेवलं होतं, हे सांगून उगाच श्रोत्यांचा गोंधळ कशाला?

प्राच्यवाद, म्हणजेच ओरिएंटॅलिझम: गोऱ्यांनी आपल्याबद्दल लिहिलेलं काहीही. संस्कृतचे अभ्यासक विल्यम जोन्स, मॅक्सम्युलर आणि योगावर ब्लॉग लिहिणारी कुणी बाई, सगळ्यांना एकाच दावणीला बांधा. पुस्तकाचा रोख ब्रिटिश, फ्रेंच आणि पुढे अमेरिकन लिखाणावर आहे, तोही मुख्यतः अरब-इस्लामी प्रदेशाबद्दलच्या. जर्मन पंडित सईद यांनी जवळपास बाजूलाच ठेवले आणि त्यावरून बोलणीही खाल्ली. हे प्रस्तावनेतच कळतं, पण ती तुम्ही वाचणार नाही, तेव्हा प्रश्नच मिटला. नेपोलियन १७९८ मध्ये इजिप्तवर उतरला तो फौजेबरोबर विद्वानांची पलटण घेऊन. ज्ञान आणि सत्ता एकाच गलबतातून कशी येते, हा खरा मुद्दा. तो समजावत बसलात तर जेवणाची सुट्टी चुकेल. “ते लबाड, आपण सोवळे” एवढ्यावर आटपा. हे पुस्तक पश्चिमद्वेषाचं नाही, असं पुढच्या आवृत्तीच्या उपसंहारात सईद यांनी घसा कोरडा करून सांगितलं. उपसंहार शेवटी असतो. तिथवर कोण जातंय! (नावात ‘ओरिएंटल’ आहे म्हणून भांडारकर संस्थेवर घसरू नका, तेवढं एक पथ्य पाळा.)

पियानोचा फोटो लावा. सईद आणि इस्रायली संगीतकार बॅरेनबॉइम, जर्मनीतलं वायमार, १९९९, दोघांनी उभा केलेला अरब आणि इस्रायली मुलांचा वाद्यवृंद. छान वाटतं.

दगडाचा फोटो लावू नका. जुलै २०००, लेबनॉनची सीमा, इस्रायलच्या दिशेने दगड भिरकावणारे सईद. त्या एका दगडापायी व्हिएन्नाच्या फ्रॉइड संस्थेने त्यांचं २००१ चं व्याख्यान रद्द केलं. तुमचं तर नुसतं मानधन आहे.

आणि शेवटच्या स्लाइडवर, ठळक अक्षरांत: ‘सत्तेला सत्य सुनावणं’. १९९३ च्या बीबीसी व्याख्यानांतलं. कुठल्या सत्तेला, ते विचारू नका. कारण उत्तर अडचणीचं आहे. त्याच वर्षी १३ सप्टेंबरला व्हाइट हाउसच्या हिरवळीवर इस्रायलचे पंतप्रधान राबिन आणि पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेचे (पीएलओ) अराफत यांनी ओस्लो करारावर हात मिळवले, जग डोळे पुसत होतं, आणि १९७७ ते १९९१ पॅलेस्टिनी राष्ट्रीय परिषदेत, म्हणजे पीएलओच्या संसदेत, बसलेल्या या माणसाने लिहिलं की हा करार म्हणजे पॅलेस्टिनी व्हर्साय (पहिल्या महायुद्धानंतर हरलेल्या जर्मनीवर लादलेला तह) आहे, शरणागती आहे. रागाच्या भरात नाही, कागद वाचून. पीएलओने इस्रायलचा अस्तित्वाचा हक्क मान्य केला. इस्रायलने मान्य केलं एवढंच की पीएलओ ही पॅलेस्टिनींची प्रतिनिधी. राष्ट्राचा शब्द नाही. जेरुसलेम, निर्वासित, वसाहती, सीमा, सगळं ‘नंतर बघू’. अंतिम तोडगा पाच वर्षांत, म्हणजे मे १९९९ पर्यंत. कुठाय? १९९५ च्या दुसऱ्या कराराने वेस्ट बँकेचे अ, ब, क असे तुकडे पाडले. क भाग ६० टक्क्यांच्या आसपास, आणि तिथे पूर्ण ताबा इस्रायलचा. पूर्व जेरुसलेम सोडून वेस्ट बँकेत इस्रायली वसाहतकरी १९९३ मध्ये लाखाच्या घरात होते, आता पाच लाखांच्या आसपास आहेत. आणि १९९६ मध्ये सईद यांची पुस्तकं दुकानांतून उचलली कुणी? इस्रायलने नाही हो! अराफत यांच्या सरकारने! ज्या लोकांसाठी रक्ताचा कर्करोग अंगावर घेऊन हा माणूस लिहीत होता, त्यांच्याच सरकारने. ज्यूंचा नरसंहार नाकारणाऱ्यांनाही सईद यांनी अरब वाचकांसमोरच झापलं.

सुनावणं म्हणतात ते हे. आपल्याच माणसांना, टाळ्या चालू असताना. तुम्ही काय करता? दोनशे वर्षांपूर्वी मेलेल्या साहेबाला शिव्या घालता आणि समोर बसलेल्या प्राचार्यांना शाल घालता. पॅलेस्टाइन हा शब्द उच्चारायला घाबरता, कारण अनुदान जाईल, बढती अडकेल. मग सईद कशाला हवेत तुम्हाला? दुसरं कुणीतरी शोधा, निरुपद्रवी.

प्रस्तावना २८ पानांची आहे. ती वाचून होईपर्यंत माइक खाली ठेवा.