बंदूक घ्यायचीच असेल तर मोडून खांद्यावर टाकता येईल अशी घ्या

काजूचा मोसम जवळ आला की मला दोन प्रकारचे मेसेज येतात. एक, "काका, हुर्राक (काजूच्या रसाची पहिल्या धारेची दारू) कधी?" आणि दुसरा, "काका, बंदूक कुठली घेऊ?" पहिला मेसेज पणजी-म्हापशाहून येतो, दुसरा सत्तरी, सांगे, काणकोण या गोव्याच्या डोंगराळ तालुक्यांतून. हल्ली मात्र दुसरा प्रश्नही पणजीलगतच्या पर्वरीतल्या फ्लॅटमधून येऊ लागलाय, म्हणून हे एकदाच सविस्तर लिहितो.

आमचा भाचा मस्कतहून सुट्टीवर आला होता. फोनवर अमेरिकन व्हिडिओ बघून त्याचा सगळा विचार तयार होता. "मामा, पंप-अ‍ॅक्शन घेऊया. वर रेड डॉट (नेम धरायला लाल ठिपका दाखवणारं भिंग), खाली टॉर्च." मी विचारलं, "मारायचं काय?" "रानडुक्कर." "कुणाच्या परवानगीने?" त्यावर तो गप्प झाला. त्या व्हिडिओत हा प्रश्न कुणी विचारतच नाही, कारण तिथे तो तसा पडत नाही. आपल्याकडे बंदूक निवडायची सुरुवात याच प्रश्नापासून होते.

आधी शिकारीचं बोलून टाकू. हौसेची शिकार देशात बंद आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला शिकारीचे परवाने होते, १९९१ च्या दुरुस्तीने तेही गेले. रानडुक्कर, भेकर, मेरू (सांबर), साळिंदर, कशालाच हात लावता येत नाही. गवा तर आपला राज्यप्राणी. कलम ११ मध्ये दोन फटी आहेत. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या ठरावीक प्राण्यांबाबत मुख्य वन्यजीव रक्षक लेखी परवानगी देऊ शकतो. आणि अंगावर आलेल्या जनावराला जीव वाचवण्यासाठी मारलं तर तो गुन्हा धरत नाहीत. पण मेलेलं जनावर सरकारचं. त्याचे वाटे घातलेत की तुमचा बचाव तिथेच संपला.

म्हणून "शिकारीसाठी चांगली बंदूक सांगा" म्हणणाऱ्याला माझ्याकडे उत्तर नाही. रात्री चार मित्र, एक जीप, दोन बाटल्या आणि एक उसनी बंदूक घेऊन रानात जाणाऱ्यांना तर नाहीच नाही. पानाची सळसळ ऐकून बार काढला आणि पलीकडे आपलाच सोबती होता, अशा बातम्या आपण गोव्यातून आणि शेजारच्या सिंधुदुर्गातून पुन्हा पुन्हा वाचतो. अशा बातमीखाली "दुर्दैवी अपघात" असं लिहिणारे मला कळत नाहीत. काय आहे ते न बघता चाप ओढला, यात दैवाचा संबंध कुठे आला?

आता शेतकऱ्याकडे येतो. खरी गरज त्याची आहे. काजूचे बोंडू पडायला लागले की गवे उतरतात, वायंगणात (उन्हाळी भातशेतीत) रानडुकरं एका रात्रीत सगळं उकरून ठेवतात, माकडं कोवळे नारळ पाडतात. अशा शेतकऱ्याकडे बंदूक असली की शहरातले लोक त्याच्याकडे संशयाने बघतात. त्यांना एक आठवण करून देतो. जानेवारी २०२० मध्ये सत्तरीतल्या गोळावलीच्या रानात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले. तिथे बंदूक चालली नव्हती, विष घातलं होतं. क्लच वायरचा फास, गावठी बॉम्ब आणि विष, या तिन्हींसाठी कुणी परवाना काढत नाही, आवाज होत नाही (बॉम्ब सोडून), आणि समोर कोण येतंय हेही ती बघत नाहीत. परवान्याची बंदूक वर्षानुवर्षे जिल्हाधिकाऱ्यांच्या दप्तरी नोंदलेली असते. तिचा धनी जबाबदार असतो. त्याला कोपऱ्यात ढकलून रानाचं काही भलं होत नाही.

बरं, ही बंदूक वर्षभर करते काय? हवेत बार काढते. एवढंच. माचावरून (राखणीच्या मचाणावरून) एक बार काढला की डुकरांचा कळप त्या रात्रीपुरता डोंगरापलीकडे जातो. गवा बाराला फारसा भीक घालत नाही, तो निवांत मान वळवून बघतो आणि परत बोंडूवर तोंड टाकतो. आयुष्यभर जिचं मुख्य काम आवाज करणं आहे, ती बंदूक निवडताना नेमबाजी, पल्ला, दुर्बीण हे निकष मला दुय्यम वाटतात. माझा निकष एकच: ती रिकामी आहे हे वीस पावलांवरून दुसऱ्या माणसाला दिसलं पाहिजे.

या निकषावर बारा बोअरची एकनळी किंवा दुनळी, मधे मोडणारी, सगळ्यांच्या पुढे जाते. नळ्या खाली वाकवून खांद्यावर टाकली की आरपार उजेड दिसतो. कुंपण ओलांडताना, व्हाळ (ओढा) उतरताना, गड्याच्या हातात देताना, अंगणात पोरं असताना ती मोडलेलीच असली पाहिजे. कुणाला विचारावं लागत नाही, "भरलेली आहे का रे?" पंप-अ‍ॅक्शनमध्ये काडतुसं नळीखालच्या नळकांड्यात जातात. बाहेरून भरलेली आणि रिकामी, दोन्ही सारखीच दिसतात. चार काढली म्हणून निर्धास्त झालेल्या माणसाचं पाचवं आत राहतं. पोलिसांना, बँकेच्या रखवालदाराला ती ठीक, त्यांना तसं शिकवलेलं असतं. बागायतीत, अंधारात, झोपेतून उठलेल्या माणसाला नको.

गंमत म्हणजे कायद्याची पहिली पसंती वेगळीच आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-छर्रे ठासायच्या, बंदुकीचा उल्लेख आहे. ती पुरेशी नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली तर दुसरी बिनआट्याच्या (आतून गुळगुळीत) नळीची बंदूक देता येते. ठासणीची स्वस्त, तिचा धूर आणि आवाज दांडगा, हे खरं. पण एकदा ठासली की बार काढल्याशिवाय सहज रिकामी होत नाही. आणि भरलेली आहे का हे कळायला जुनी माणसं गज नळीत सोडून बघायची, गज नेहमीपेक्षा वर राहिला तर आत दारू आहे. म्हणजे खात्री करायला भरलेल्या नळीच्या तोंडाशी हात न्यायचा! सत्तरीत या बंदुकांचं कौतुक पोर्तुगीजांविरुद्धच्या राण्यांच्या बंडापासून आहे, दीपाजी राण्यांनी १८५२ मध्ये नाणूसचा किल्ला घेतला त्या काळापासूनचं. कौतुक भिंतीवर ठेवावं. माचावर दुनळी न्यावी.

रायफल कशाला नको, हेही सांगतो, कारण ३१५ बोअरचं वेड अजून आहे. तिची गोळी चुकली तर दोन किलोमीटरपलीकडेही माणूस मारू शकते. आपल्या डोंगराच्या प्रत्येक उताराखाली एक वाडा (वस्ती) आहे. गोव्यात कुठल्याही दिशेला दोन किलोमीटर मोकळं रान मिळवून दाखवा. बंदुकीचे बारीक छर्रे काही शे मीटरांत दमतात. एलजी-एसजी नावाच्या काडतुसांतले मोठे दाणे मात्र बरेच लांब जातात, तेव्हा हवेत काढायचा बार सहा नंबरसारख्या बारीक छर्र्याचाच असावा. मागे घर असेल त्या दिशेला तोही नाही.

काडतुसाबद्दल एक गोष्ट दुकानदारही नेहमी सांगत नाहीत. वडिलोपार्जित बंदुकांपैकी अनेकींचं घर (नळीतली काडतूस बसायची जागा) ६५ मिलिमीटरचं असतं, तर आज मिळणारी पुष्कळ काडतुसं ७० ची असतात. ७० चं काडतूस ६५ च्या घरात व्यवस्थित बसतं, इथेच फसगत होते. कारण लिहिलेली लांबी फुटलेल्या, उलगडलेल्या काडतुसाची असते. बार होताना त्याचं दुमडलेलं तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब भलताच वाढतो. नळीच्या खालच्या अंगावर घराची लांबी सहसा कोरलेली असते, ती वाचा. आणि नळीवर लाटांसारखी नक्षी दिसली, म्हणजे दमास्कस पोलादाची पट्टी गुंडाळून केलेली नळी असेल, तर ती काळ्या दारूच्या जमान्यातली. जाणत्या बंदूकसाजाने तपासल्याशिवाय तिच्यात आजचं काडतूस घालू नका.

साज म्हणाल तर माझी यादी छोटी आहे, आणि तिच्यात रेड डॉट नाही. रुंद पट्टा, म्हणजे चढणीवर दोन्ही हात मोकळे. कानात घालायचे बोळे, कारण बारा बोअरचा आवाज एका बारातही कानाला कायमचा त्रास देऊ शकतो. (आमच्याकडचे निम्मे जुने बंदूकवाले मोठ्याने का बोलतात, कळलं?) डोक्याला बांधायचा चांगला टॉर्च. बंदुकीवर लावलेला टॉर्च मला अजिबात पसंत नाही, कारण मग प्रत्येक गोष्ट बघायला नळी तिच्यावर रोखावी लागते, आणि ती गोष्ट शेजारचा दूधवाला असू शकते. अंधारात चमकणारे दोन डोळे हे ओळख पटवायला पुरेसे नसतात. गाईचे, कुत्र्याचेही चमकतात. पूर्ण अंग दिसल्याशिवाय बोट चापाच्या कडीबाहेरच राहिलं पाहिजे.

आवाज दाबणारी नळकांडी विचारणाऱ्यांनी माझ्या इनबॉक्समध्ये येऊ नये, ती कायद्याने निषिद्ध आहेत. नळी कापून आखूड करणं हाही गुन्हा. सामान्य परवान्याच्या बिनआट्याच्या बंदुकीची नळी किमान २० इंच हवी. आणि पाखरं मारायला छऱ्याची एअरगन घेणाऱ्यांनो, परवाना लागत नसला तरी पाखरू मारलं की वन्यजीव कायदा लागतोच.

खरा शत्रू आपला पाऊस. वाळपईकडे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. कापडी किंवा चामड्याच्या खोळीत बंदूक घालून कपाटात ठेवली की खोळ ओल धरते आणि गणपतीला बाहेर काढाल तेव्हा नळीवर तांबूस पुरळ. खोळीतून काढून, नळीत गजाने कोरडं फडकं आणि मग तेलाचं फडकं फिरवून, उभी ठेवा. खोबरेल नको, ते चिकट होतं. शिवणयंत्राचं तेलही चालतं, पण पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी हात फिरवायला हवा. बंदूक कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात, किल्ल्या एका जुडग्यात नकोत.

यावर पर्वरीवाले विचारतात, "मग रात्री चोर आला तर?" तेच तर. नियमाप्रमाणे ठेवलेली बंदूक मध्यरात्री दोन मिनिटांत हाताशी येत नाही. आणि हाताशी येईल अशी ठेवली तर ती चोराआधी घरातल्या मुलाच्या, दारू प्यालेल्या भावाच्या, एखाद्या वाईट रात्री खचलेल्या माणसाच्या हाताशी येते. स्वसंरक्षणाचा हक्क खरा आहे, भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये तो नीट लिहिलाय, सूर्यास्तानंतरच्या घरफोडीचाही उल्लेख आहे. पण गरजेपेक्षा जास्त इजा नको, ही अट आहे. पळणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घातली तर तुम्ही आरोपी. जुन्या घराची चिऱ्याची भिंत गोळी अडवेल, तुमच्या फ्लॅटचं प्लायवूडचं दार अडवणार नाही, त्याच्या पलीकडे तुमची मुलगी झोपलेली आहे. लाखाच्या घरातलं ३२ बोअरचं रिव्हॉल्वर घेऊन लग्नात कमरेला दिसेल असं मिरवणारे मी पाहिलेत. त्यांना भीती चोराची नसते. एकटं घर असेल तर मजबूत कडी, बाहेर दिवा, भुंकणारं गावठी कुत्रं आणि हाकेला येणारा शेजारी, या क्रमाने पैसे खर्च करा. शेजाऱ्याला पैसे लागत नाहीत, पण संबंध नीट ठेवावे लागतात, ते बहुधा जड जातं.

२०१९ पासून एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, पूर्वी तीन होती. परवाना आता पाच वर्षांचा असतो. धनी सत्तरीला पोचला, म्हणजे वयाच्या, किंवा बंदूक २५ वर्षं त्याच्याकडे राहिली की हयातीतच ती वारसाच्या नावे करायला अर्ज करता येतो. हे अनेकांना माहीत नसतं आणि म्हातारा गेल्यावर घरात बेवारशी बंदूक राहते.

शेवटी माझा राग. निवडणूक जाहीर झाली की बंदुका ठाण्यात जमा करा, असा आदेश निघतो. २०२४ च्या लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि जूनमध्ये उठली. म्हणजे अख्खा काजूचा मोसम! पीकरक्षणाची बंदूक पिकाच्या दिवसांत कोठडीत, आणि परत मिळते ती गंज घेऊन. सरसकट सगळ्यांच्या बंदुका काढून न घेता छाननी समितीने माणूस बघून ठरवावं, हा मुद्दा मुंबई उच्च न्यायालयात २००९ मध्येच निघाला होता. ज्याच्यावर गुन्हा आहे, जो दंग्यात होता, जो जामिनावर आहे त्याची जरूर घ्या. ज्याने वीस वर्षं फक्त डुकरांवर बार काढलेत त्याचं नाव त्याच यादीत का?

विधानसभेची मुदत मार्च २०२७ मध्ये संपतेय. पुन्हा बोंडूच्या तोंडावर. सवलतीचा अर्ज आदेश निघाल्यावर करून उपयोग नसतो, तेव्हा एक-चौदाचा (जमिनीचा) उतारा, कृषी खात्याकडे दिलेल्या नुकसानीच्या अर्जांच्या पोचपावत्या आणि परवान्याची प्रत आत्ताच एका फायलीत लावून ठेवा. आमच्या वाड्यावरच्या सगळ्यांचे अर्ज एकत्र द्यायचं ठरलंय. शेजारच्या गावांतून कुणाला यायचं असेल तर खाली लिहा.