‘आरए निघालं’ म्हणजे नेमकं काय निघालं?

सोलापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक छोटा मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो. ‘आरए फॅक्टर पॉझिटिव्ह म्हणजे आमवात पक्का. निगेटिव्ह म्हणजे साधा वात, काळजी नको. अँटी-सीसीपी ही नुसती महागडी तपासणी, करू नका. आकडा जेवढा मोठा तेवढा आजार मोठा. दर महिन्याला तपासा आणि नॉर्मल आला की गोळ्या बंद करा.’

आरए म्हणजे रुमेटॉइड आर्थ्रायटिस, मराठीत आमवात, सांधे सुजवणारा आजार. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या त्यासाठी होणाऱ्या दोन रक्ततपासण्या. मेसेज पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असतो, यात शंका नाही. पण यातलं एकही वाक्य जसंच्या तसं खरं नाही. त्यामुळे दोन प्रकारची माणसं अडचणीत येतात. काही जण नसलेल्या आजाराच्या गोळ्या खातात आणि काही जण असलेला आजार अंगावर काढतात. दुसऱ्यांचं नुकसान जास्त मोठं, कारण आमवातात सांध्याजवळचं हाड एकदा कुरतडलं गेलं की ते सहसा पहिल्यासारखं होत नाही. म्हणून एकेक वाक्य घेऊ.

‘पॉझिटिव्ह म्हणजे आमवात पक्का.’

अँटिबॉडी म्हणजे प्रतिकारशक्तीने एरवी जंतूंविरुद्ध बनवलेलं प्रथिन. आरए फॅक्टर ही स्वतःच्याच अँटिबॉडीविरुद्ध तयार झालेली अँटिबॉडी आहे. आयजीजी नावाची जी नेहमीची अँटिबॉडी रक्तात असते, तिच्या शेपटीकडच्या भागाला हा फॅक्टर चिकटतो. 1940 मध्ये नॉर्वेच्या एरिक वालर यांना मेंढीच्या रक्तपेशींवर प्रयोग करताना तो दिसला आणि 1948 मध्ये अमेरिकेत हॅरी रोझ यांनी त्याची आमवाताशी सांगड घातली. नावात ‘रुमेटॉइड’ त्यावरूनच आलं आणि तिथूनच घोटाळा सुरू झाला. हा फॅक्टर फक्त आमवातात तयार होत नाही. शरीरात बराच काळ कुठलाही दाह किंवा संसर्ग चालू राहिला की तो तयार होऊ शकतो. क्षयरोग, कुष्ठरोग, हिपॅटायटिस सी, हृदयाच्या झडपांचा संसर्ग, डोळे आणि तोंड कोरडं पाडणारा श्योग्रेन आजार, ल्युपस, फुप्फुसांचे काही जुनाट विकार अशा कितीतरी ठिकाणी तो सापडतो. निरोगी प्रौढांमध्येही साधारण 5 टक्के लोकांत तो असतो आणि वय वाढेल तसं हे प्रमाण वाढतं.

आता हिशेब करून पाहू. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भिगवणमध्ये 1996 मध्ये घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी झाली होती. तिच्यात आमवाताचं प्रमाण प्रौढांमध्ये सुमारे 0.5 टक्के आढळलं. हाच आकडा धरून 10,000 प्रौढांची सरसकट तपासणी केली असं समजा. त्यांत आमवाताचे 50 जण. त्यांच्यापैकी सुमारे 70 टक्के, म्हणजे 35 जण, पॉझिटिव्ह येतील. उरलेल्या 9,950 जणांना आमवात नाही, पण त्यांचे 5 टक्के म्हणजे जवळपास 500 जणही पॉझिटिव्ह येतील. एकूण पॉझिटिव्ह 535, त्यातले खरे 35. पंधरा रिपोर्टांमागे एक. ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजमध्ये आरए फॅक्टर घालून ठेवतात, तिथे हेच होतं. कंबर दुखते म्हणून किंवा नुसता थकवा आहे म्हणून तपासणी केलेल्या माणसाच्या हातात ‘पॉझिटिव्ह’चा कागद पडतो आणि घरात ‘आरए निघालं’ म्हणून रडारड सुरू होते.

तीच तपासणी योग्य माणसाची केली तर चित्र पालटतं. बोटांचे आणि मनगटांचे सांधे सहा आठवड्यांपासून सुजलेले असे 100 रुग्ण घ्या. त्यांतल्या 60 जणांना खरोखर आमवात आहे असं धरा. 42 जण खरे पॉझिटिव्ह येतील. उरलेल्या 40 जणांना सांध्यांचे दुसरे विकार आहेत, त्यांतले सहा-एक जण चुकीने पॉझिटिव्ह येतील. म्हणजे 48 पैकी 42 खरे. किट तेच, रक्त काढण्याची पद्धत तीच. तपासणी कुणाची केली, एवढाच फरक.

म्हणून रिपोर्टाआधी हात बघायचा. आमवात धरतो तो बोटांच्या मुळाशी असलेले सांधे, मधले सांधे, मनगटं आणि पायाच्या बोटांच्या मुळाचे सांधे, तेही बहुधा दोन्ही बाजूंना. नखाजवळचा शेवटचा सांधा तो सहसा सोडतो. त्या सांध्याला कडक गाठ आली असेल किंवा अंगठ्याच्या बुडाशी दुखत असेल, तर बहुतेक वेळा ती झीज असते. दिवसाला हजारभर विड्या वळणाऱ्या बाईचा अंगठा दुखतो तो बरेचदा या प्रकारातला असतो आणि आरए फॅक्टर करून त्यात काही उलगडत नाही. सूज ओळखायची खूण अशी: झिजेची गाठ बोटाला हाडासारखी टणक लागते, आमवाताची सूज मळलेल्या कणकेसारखी मऊ लागते. हात पुढे करा आणि तर्जनी ते करंगळीच्या मुळाचे चारही सांधे दोन्ही बाजूंनी आडवे दाबा. हस्तांदोलनात कुणी हात जोरात आवळावा तसे. त्या दाबाने कळ आली, सकाळी उठल्यावर मूठ वळायला अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लागत असला, किंवा भाकरी थापायला बसल्यावर मनगट वाकत नसलं, तर आता रक्ताच्या तपासणीला अर्थ आहे. जानेवारीत सोलापुरात भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेच्या थंडीत सगळ्यांचेच सांधे थोडेफार आखडतात, पण ते पाच-दहा मिनिटांत सुटतात.

‘निगेटिव्ह म्हणजे काळजी नको.’

आमच्या मते मेसेजमधलं सर्वांत घातक वाक्य हेच. आमवाताच्या 20 ते 30 टक्के रुग्णांत आरए फॅक्टरही नसतो आणि अँटी-सीसीपीही नसते. त्यांची सूज खरी असते, हाडाची हानीही खरी असते, फक्त रक्तात पुरावा मिळत नाही.

2010 मध्ये अमेरिका आणि युरोपच्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून गुणांची एक पद्धत ठरवली. ती मुळात संशोधनासाठी आहे, पण तिच्यावरून अँटिबॉडीला किती वजन द्यायचं हे नीट कळतं. एकूण 10 गुण, 6 झाले की आमवात. अँटिबॉडी भरपूर वाढलेली, म्हणजे नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त असेल, तर 3 गुण. थोडी वाढलेली असेल तर 2. सीआरपी किंवा ईएसआर (शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) वाढलेला असेल तर 1. त्रास सहा आठवडे टिकला असेल तर 1. उरलेले 5 गुण सांध्यांचे. म्हणजे सांधे ठीक असतील तर रक्ताचे सगळे आकडे वाढूनही बेरीज 6 पर्यंत पोचत नाही. उलट बाजूही पाहा. चार ते दहा छोटे सांधे सुजले तर 3 गुण, सहा आठवडे झाले म्हणून 1, सीआरपी वाढला म्हणून 1. बेरीज 5. अँटिबॉडी निगेटिव्ह असलेला हा रुग्ण एका गुणाने मागे राहतो, दहापेक्षा जास्त सांधे धरले जाईपर्यंत. निगेटिव्ह रुग्णांचं निदान उशिरा होतं त्याचं एक कारण हे आहे. अशा वेळी सांध्याची सोनोग्राफी उपयोगी पडते. हाताने न जाणवणारी अस्तराची सूज आणि तिच्यातला वाढलेला रक्तप्रवाह तिच्यात दिसतो. नुसत्या एक्स-रेवर थांबू नये, कारण सुरुवातीच्या महिन्यांत तो बहुतेक वेळा साफ असतो.

निगेटिव्ह रिपोर्ट आला तर दुसरी कारणंही बघावी लागतात: सोरायसिसचा संधिवात (टाळू, कोपरं, नखं तपासावीत), चिकनगुनियानंतर रेंगाळलेली सूज, थायरॉइड. 2006 मध्ये महाराष्ट्रात चिकनगुनियाची मोठी साथ आली, तेव्हापासून ताप येऊन गेल्यावर महिनोन्महिने आखडलेली बोटं घेऊन येणारे रुग्ण नेहमीचे झाले आहेत. त्यांचे हात अगदी आमवातासारखे दिसतात. ताप कधी आला होता ते डॉक्टरांना तारखेसह सांगा.

‘अँटी-सीसीपी ही नुसती महागडी तपासणी.’

ही तपासणी आरए फॅक्टरपेक्षा महाग असते, हे मान्य. पण ती वेगळंच काहीतरी सांगते. आपल्या प्रथिनांमध्ये आर्जिनिन नावाचा एक घटक असतो. दाह चालू असलेल्या जागी पीएडी नावाची एन्झाइमं त्याचं सिट्रुलिनमध्ये रूपांतर करतात. आर्जिनिनवरचा विद्युतभार जातो आणि प्रथिनाची घडी सैल होते. ज्यांच्यात एचएलए-डीआरबी1 या जनुकाचे काही विशिष्ट प्रकार असतात, त्यांची प्रतिकारशक्ती या बदललेल्या प्रथिनाला परकं समजण्याची शक्यता जास्त असते. त्याविरुद्ध बनणारी अँटिबॉडी म्हणजे अँटी-सीसीपी. सिट्रुलिनचा हा दुवा 1998 मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी उलगडला. सांध्यांचे किंवा इतर विकार असलेल्या, पण आमवात नसलेल्या माणसांत ही तपासणी सुमारे 95 टक्के वेळा निगेटिव्ह येते, आरए फॅक्टर सुमारे 85 टक्के वेळा. चुकीच्या पॉझिटिव्हचं प्रमाण तिपटीने कमी. (सिट्रुलिन हे नाव कलिंगडाच्या शास्त्रीय नावावरून आलं, म्हणून उन्हाळ्यात कलिंगड सोडायची गरज नाही. खाल्लेलं सिट्रुलिन प्रथिनात बसत नाही. हा बदल आपल्याच प्रथिनांत, जागच्या जागी होतो.)

या अँटिबॉडी सांध्यात तयार होण्याआधी बहुधा फुप्फुसांत आणि हिरड्यांत तयार होतात. विडी-सिगारेटच्या धुराने फुप्फुसात हे सिट्रुलिनचं काम वाढतं. हिरड्यांना पू आणणाऱ्या एका जंतूकडे तर स्वतःचंच पीएडी एन्झाइम असतं. मलेशियातल्या स्त्रियांच्या एका अभ्यासात कापडाच्या धुळीत काम करणाऱ्यांमध्ये आमवाताचा धोका वाढलेला दिसला. सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमागांवर कांड्या भरणाऱ्या, टॉवेलच्या कारखान्यात शिवणाऱ्या बायकांसाठी ही दूरची गोष्ट नाही. तोंडाला कपडा, खोलीत एक्झॉस्ट पंखा, घरात विडीचा धूर नको आणि हिरड्यांतून रक्त येत असेल तर दातांचा डॉक्टर. घरात आमवाताचा रुग्ण असेल तर हे जास्त मनावर घ्यावं.

अँटी-सीसीपीचा आणखी एक उपयोग म्हणजे पुढचा अंदाज. जास्त पॉझिटिव्ह असेल तर हाडाची हानी लवकर आणि जास्त होण्याची शक्यता असते, म्हणून डॉक्टर सुरुवातीपासून उपचार घट्ट ठेवतात. मात्र तीही अचूक नाही. सक्रिय क्षयरोगात ती चुकीने पॉझिटिव्ह येऊ शकते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजनात घट यांपैकी काही असेल तर छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी आधी.

ही अँटिबॉडी आजाराच्या कितीतरी आधी रक्तात येते. नेदरलँड्समध्ये रक्तदात्यांचे जपून ठेवलेले नमुने तपासले, तेव्हा पुढे आमवात झालेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या रक्तात आरए फॅक्टर किंवा अँटी-सीसीपी आधीच होती, तीही साधारण साडेचार वर्षं आधीपासून. म्हणून रिपोर्ट पॉझिटिव्ह आणि सांधे स्वच्छ, अशा माणसाला लगेच गोळ्या सुरू करायच्या नसतात. त्याने धूम्रपान सोडायचं, सांध्यांकडे लक्ष ठेवायचं आणि सूज आली की आठवड्या-दोन आठवड्यांत दाखवायचं.

‘आकडा मोठा तेवढा आजार मोठा.’

सुरुवातीच्या रिपोर्टावरून धोका किती याचा अंदाज येतो, पण आज सांध्यात किती आग आहे ते त्यावरून कळत नाही. 300 आकडा असलेला रुग्ण उत्तम उपचाराने आरामात कामाला जातो आणि 25 आकड्याच्या रुग्णाला चहाचा कप धरवत नाही, असं होतं. शिवाय एका लॅबची मर्यादा 14, दुसरीची 20. कुठे लॅटेक्स पद्धत, कुठे यंत्रावर मोजणी. सात रस्त्याच्या लॅबचा 60 आणि होटगी रोडच्या लॅबचा 90, यावरून आजार वाढला असं म्हणता येत नाही. रिपोर्टावर शेजारच्या रकान्यात छापलेली त्याच लॅबची मर्यादा बघा आणि आकडा तिच्या किती पट आहे ते बघा.

‘दर महिन्याला तपासा, नॉर्मल आला की गोळ्या बंद.’

एकदा पॉझिटिव्ह आलेली अँटी-सीसीपी बरं वाटू लागल्यावरही बहुतेक वेळा पॉझिटिव्हच राहते. दर महिन्याला ती करणं म्हणजे पैसे वाया घालवणं. औषध लागू पडतंय का हे सुजलेले आणि दुखणारे 28 सांधे मोजून, सकाळचा ताठरपणा किती मिनिटं टिकतो हे विचारून आणि सीआरपी-ईएसआर बघून ठरतं. महिन्याला तपासायचं असेल तर ते रक्तपेशी, यकृत आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), तेही औषधाच्या सुरक्षिततेसाठी.

कारण आमवाताची मुख्य गोळी मेथोट्रेक्सेट. तिचा परिणाम दिसायला 6 ते 12 आठवडे लागतात. आरए फॅक्टर उतरला म्हणून ती मध्येच सोडली की काही आठवड्यांत सूज परत येते. मग तीन दिवसांत बरं करणारी बिननावाची पुडी सुरू होते. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. चेहरा गोल होतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात आणि अचानक थांबवली तर रक्तदाब कोसळू शकतो. पुडी घेत असाल तर लाजू नका, डॉक्टरांना ती दाखवा, म्हणजे ती हळूहळू उतरवता येते.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, साधारण 7.5 ते 25 मिलिग्रॅम. रोजची समजून घेतली तर तोंडात फोड येतात, पांढऱ्या पेशी खाली जातात आणि जीव जाऊ शकतो. फॉलिक ॲसिड वेगळ्या दिवशी. दारू नको. गरोदरपणात ही गोळी चालत नाही, मूल हवं असेल तर काही महिने आधी डॉक्टरांशी बोलून बदलावी लागते. चिठ्ठीवर ‘आठवड्यातून एकदा’ एवढंच लिहिलेलं असेल तर तिथेच थांबून वार लिहून घ्या. सोमवार ठरला तर पाकिटावर ठळक अक्षरांत ‘सोमवार’, फॉलिक ॲसिडच्या पाकिटावर ‘बुधवार’, आणि दोन्ही पाकिटं रोजच्या बीपी-शुगरच्या डब्यात ठेवू नका.