ॲल्युमिनियमचा मोल्ड (साचा) कॉस्टिक सोड्यात बुडवा म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

"मोल्डचा खर्च निम्मा करा, ६ सोप्या गोष्टी" असा एक फॉरवर्ड सध्या एमआयडीसीवाल्यांच्या ग्रुपवर फिरतोय. खाली नाव नाही, नुसतं "२५ वर्षांचा अनुभव". एरवी मी असलं वाचून सोडून देतो, पण परवा भाच्याचा मेसेज आला, "मामा, मालकांनी कॉस्टिक फ्लेक्सची गोणी मागवलीय, शनिवारी रात्री मोल्ड बुडवायचेत, चालेल ना?" भाचा भोसरीत एका छोट्या युनिटमध्ये आहे, बाईकच्या सीटचे पीयू (पॉलियुरेथेन) फोम आणि थोडं व्हॅक्यूम फॉर्मिंगचं (तापवलेली प्लास्टिकची शीट, हवा ओढून मोल्डवर बसवायची) ट्रेचं काम, मोल्ड झाडून सगळे ॲल्युमिनियमचे. त्याला फोनवर झापलंच, पण त्याच्यासारखे अजून किती जण शनिवारची वाट बघत बसलेत कुणास ठाऊक, म्हणून लिहितोय.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं: १) ॲल्युमिनियम मोल्ड फक्त सॅम्पलला, प्रॉडक्शनला स्टीलच. २) शीट १८० डिग्रीला तापते त्यामुळे ॲल्युमिनियम मऊ पडतं. ३) ॲल्युमिनियम आपोआप थंड होतं, पाण्याच्या लाईनी म्हणजे वायफळ खर्च. ४) व्हॅक्यूमची भोकं जितकी मोठी तितकं फॉर्मिंग चांगलं. ५) चिकटलेला फोम काढायला मोल्ड रात्रभर कॉस्टिकच्या पाण्यात, ड्रमला झाकण घट्ट, आणि सकाळी उरलंसुरलं बर्नरने जाळायचं. ६) एमडीआयला (पीयू फोम बनवायचं एक रसायन) वास नसतो, मास्कची नाटकं नकोत.

आधी पाचवा, कारण बाकीच्यांनी पैसे जातील, याने माणूस जाईल.

कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो. नुसता डाग पाडत नाही, खातो. घरात ॲल्युमिनियमचं पातेलं धुण्याच्या सोड्याने घासलं तरी काळं पडतं हे आपल्या आयांना माहीत होतं, आणि कॉस्टिक त्याच्या कितीतरी पट तिखट. हवेत ॲल्युमिनियमवर ऑक्साईडचा जो पातळ थर असतो तो कॉस्टिकमध्ये विरघळतो, मग उघडा पडलेला धातू पाण्याशी रिॲक्शन करतो आणि हायड्रोजन सुटतो. शिवाय ही रिॲक्शन स्वतःच उष्णता सोडते, म्हणजे पाणी तापतं, तापलं की वेग वाढतो, अजून तापतं. हिशोब करायचा तर १०० ग्रॅम ॲल्युमिनियम विरघळलं की सव्वाशे लिटरच्या वर हायड्रोजन तयार होतो. १०० ग्रॅम म्हणजे ३०-४० किलोच्या मोल्डवर काहीच नाही, वजनकाट्यावर कळणारसुद्धा नाही. आता २०० लिटरच्या ड्रममध्ये पाणी आणि मोल्ड गेल्यावर वर जागा उरते किती, आणि त्याला हा गृहस्थ घट्ट झाकण लावायला सांगतो! हायड्रोजन हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कुठेही पेटतो. आणि सकाळी झाकण काढून तिथेच बर्नर. म्हणजे बॉम्ब भरायचा आणि काडीही आपणच लावायची.

"आमच्याकडे कायम करतात, काही होत नाही" असं एकाने त्याच ग्रुपवर लिहिलं होतं. त्यांचे मोल्ड स्टीलचे असणार. लोखंडाला साध्या तापमानाला कॉस्टिकने फारसं काही होत नाही, म्हणून ती पद्धत तिथे खपते, आणि तीच कुणीतरी डोळे मिटून इकडे चिकटवली. किंवा मोल्डवर वॅक्स आणि फोमचा जाड थर असेल तर सुरुवातीचे काही तास शांत वाटतं, थर सुटला की मग उकळी फुटते, आणि ती रात्री दोनला फुटते जेव्हा शेडमध्ये फक्त वॉचमन असतो. अजून एक हुशार म्हणाला की ॲनोडायझिंगवाले (ॲल्युमिनियमवर मुद्दाम ऑक्साईडचा थर चढवणारे) पण कॉस्टिकमध्ये बुडवतातच की. बुडवतात ना, पातळ द्रावणात, मिनिटांच्या हिशोबात, वर एक्झॉस्ट चालू ठेवून, आणि मुद्दाम वरचा थर खायलाच बुडवतात. तुमच्या मोल्डवर लेदर ग्रेनचं टेक्स्चर असतं, त्याची खोलीच मुळात मिलिमीटरचा किरकोळ भाग, ते रात्रभरात गुळगुळीत होईल, पार्टिंग लाईन (मोल्डचे दोन भाग जुळतात ती कड) गोल होईल आणि सोमवारपासून प्रत्येक सीटला फ्लॅश (कडेने बाहेर आलेला जादा फोम) येईल.

माझ्यावर विश्वास ठेवू नका. कॉस्टिक बनवणाऱ्या कुठल्याही कंपनीची सेफ्टी डेटा शीट मागवा, सप्लायरने ती द्यायलाच पाहिजे, आणि त्यात सेक्शन १० उघडा, स्टॅबिलिटी अँड रिॲक्टिव्हिटी. ॲल्युमिनियम, झिंक, टिन यांच्यापासून लांब ठेवा, हायड्रोजन सुटतो, हे तिथे लिहिलेलं असतं. माल विकणारी कंपनीच सांगतेय की यात हे टाकू नका, यापुढे वाद कसला घालायचा?

कुणी आधीच बुडवला असेल तर झाकण अडकलेलं ठेवू नका, पण ड्रम गरम लागत असेल किंवा फुगला असेल तर जवळच जाऊ नका, माणसं लांब करा आणि फायर ब्रिगेडला बोलवा. वेल्डिंग, ग्राइंडिंग, विडी सगळं बंद, दारं-खिडक्या सताड उघड्या. आणि "न्यूट्रल करू" म्हणून वरून ॲसिड ओतायचा शहाणपणा अजिबात नको.

बर्नरचं वेगळं सांगतो. पीयू जळताना कार्बन मोनॉक्साईड आणि हायड्रोजन सायनाईड दोन्ही निघतात. आणि ६०६१ सारखं (हा ॲल्युमिनियमचा एक मिश्रधातू) टी-६ टेम्परचं ॲल्युमिनियम १६०-१७५ डिग्रीच्या आसपास एजिंग करून, म्हणजे काही तास तापत ठेवून मजबूत केलेलं असतं, त्यावर उघडी ज्योत फिरवली की ती मजबुती तिथल्या तिथे उतरते.

मुळात फोम चिकटतो का ते कुणी बघतच नाही. मोल्ड थंड असतो, किंवा रिलीज एजंट (फोम चिकटू नये म्हणून मोल्डवर मारतात तो थर) घाईत मारलेला असतो आणि त्यातला सॉल्व्हंट उडायच्या आधीच शॉट (फोमचा एक भरणा) टाकलेला असतो. मोल्डेड सीटच्या फोमला मोल्ड साधारण ५० ते ६५ डिग्रीला स्थिर लागतो. तेवढं धरा, निम्मं चिकटणं तिथेच संपतं. उरलेल्याला लाकडी किंवा प्लास्टिकचा स्क्रॅपर, आणि साचलेला थर असेल तर ड्राय आईस ब्लास्टिंगवाल्याला बोलवा, टेक्स्चरला धक्का लागत नाही, फक्त बंद खोलीत करू नका.

सहावा मुद्दा याच जातीचा. एमडीआयला वास नसतो हे खरं, आणि म्हणूनच तो जास्त वाईट, कारण नाक इशारा देत नाही. अमेरिकेच्या ओशाची (कामगार सुरक्षा खात्याची) मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत ०.०२ भाग, म्हणजे ०.०२ पीपीएम आहे, तीही क्षणभरसुद्धा ओलांडायची नाही अशी. टीडीआयला (फोमचंच, त्याच कुळातलं दुसरं रसायन) वास येतो, पण येईपर्यंत मर्यादा ओलांडून झालेली असते. एकदा का शरीर सेन्सिटाइझ झालं, म्हणजे त्याची ॲलर्जी बसली, की मग जराशा वाफेनेही दम्याचा अटॅक येतो, तिथल्याच नायॉश या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेने १९९६ साली डायआयसोसायनेटमुळे (एमडीआय, टीडीआय याच गटातले) होणाऱ्या दमा आणि मृत्यूंबद्दल खास इशारा काढला होता. युरोपात २४ ऑगस्ट २०२३ पासून ट्रेनिंग घेतल्याशिवाय कामगाराला हे हाताळू देत नाहीत. "भोपाळचा गॅस हाच" असंही एकाने ठोकलंय. नाही, तो मिथाईल आयसोसायनेट, हा वेगळा. पण वेगळा म्हणजे निरुपद्रवी नव्हे. आणि तोंडाला रुमाल बांधणं म्हणजे मास्क नव्हे.

आता बाकीचे पटापट. दुसरा मुद्दा हास्यास्पद आहे. ॲल्युमिनियम ६६० डिग्रीला वितळतं, शीट १५०-१८० ला असली तरी मोल्ड ६०-८० वर धरलेला असतो आणि शीट त्याला टेकली की तिची उष्णता तो लगेच ओढून घेतो. त्याच्यासाठीच तर ॲल्युमिनियम घेतात, टूल स्टीलपेक्षा पाचेक पट जास्त उष्णता वाहून नेतं.

पण ओढलेली उष्णता जाणार कुठे? हाच तिसऱ्याचा घोळ. लाईनी नसल्या तर पहिले काही शॉट झकास येतात, मग मोल्ड तापत जातो, पार्ट वाकडे निघतात आणि सकाळच्या न् दुपारच्या मालाचं माप जुळत नाही. १ मीटरचा ॲल्युमिनियम मोल्ड ४० डिग्री वर गेला की जवळजवळ १ मिमी वाढतो, स्टील त्याच्या निम्मं. उलट टोकही नको हं, पावसाळ्यात १० डिग्रीचं चिल्ड पाणी सोडलं की मोल्डला घाम सुटतो.

पहिल्यात थोडं तथ्य आहे, मान्य करतो. ॲल्युमिनियम ओरखडतं, थ्रेड लवकर जातात, स्वस्तातलं सँड कास्टिंग असेल तर पिनहोलमध्ये फोम घुसून बसतो. पण त्याला हेलिकॉइल (थ्रेडमध्ये बसवायच्या तारेच्या स्प्रिंगा) आहेत, घासणाऱ्या कडांना स्टीलचे इन्सर्ट आहेत. "प्रॉडक्शनला स्टीलच" हे इंजेक्शन मोल्डिंगचं ज्ञान, तिथे प्रेशर शेकडो बार. व्हॅक्यूम फॉर्मिंगला १ बारच्या वर मिळतच नाही, फोमलाही त्याच घरातलं. हां, १ बार म्हणजे १ चौरस मीटरवर १० टन, त्यामुळे क्लॅम्प आणि बिजागरी दणकट हवीच. पण फ्रिजचे लायनर (आतलं प्लास्टिकचं कवच), कारच्या सीटचे फोम जगभर ॲल्युमिनियमवरच निघतात, ते काय सॅम्पल आहेत?

चौथा, भोकं. समोरून अर्धा ते पाऊण मिमी, मागून मोठं ड्रिल, म्हणजे हवा पटकन जाते आणि पार्टवर काही दिसत नाही. समोरूनच मोठं मारलं तर गरम शीट आत ओढली जाते आणि प्रत्येक ट्रेवर पुटकुळ्या. मारून बसला असाल तर ॲल्युमिनियमची पिन ठोकून, लेव्हल करून, परत बारीक ड्रिल मारा. टेक्स्चरवर असेल तर डाग राहणारच, कस्टमरला आधीच सांगून ठेवा.