सही झाली की माणूस बरा

अभिनंदन, परिवीक्षा अधिकारी झालात! 1958 च्या कायद्यानुसार, कोर्टानं तुरुंगाऐवजी अटींवर सोडलेल्या अपराध्यावर तुम्ही देखरेख ठेवायची, त्याला सल्ला द्यायचा, जमल्यास काम मिळवून द्यायचं. फिरायला एसटी आहेच.

पहिलं म्हणजे माणसाकडे बघू नका, रजिस्टरकडे बघा. हर्णै बंदरावर जाळी दुरुस्त करणारा तो पोरगा सहीला आला की ‘वर्तन समाधानकारक’ असा शेरा ठोका. त्याची सही दर महिन्याला वेगळी येते, पेन हातात ठरत नाही. गोळ्यांमुळे असेल. थरथरीला रकाना नाही, सोडा.

औषधाला त्याला रत्नागिरीला पाठवा. मनोरुग्णालय 1886 पासून तिथेच आहे, हलणार नाही. दापोलीहून जाऊन यायचं म्हणजे दिवस खलास, आणि डॉक्टरांची तारीख नेमकी तुमच्या हजेरीच्या दिवशी. तो तिकडे गेला तर अट मोडली म्हणून कोर्टाला कळवा. इकडे आला तर औषध चुकेल, महिन्याभरात काहीतरी करून बसेल, मग तेही कळवा. कामाची कमतरता म्हणून कधी भासायची नाही.

डॉक्टरांना काही विचारू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलाय (चांगलाच आहे तो). पोराची संमती घेऊन विचारता येईल, पण त्यासाठी त्याच्याशी बोलावं लागेल.

काम शोधायला आंब्याच्या हंगामात जा. बागायतदार विचारेल, “चोर हाय का येडा?” उत्तर देण्याआधी त्यानं दिलेला चहा संपवून घ्या, नंतर मिळेलच असं नाही.

शिमग्यात मात्र पोराच्या वाडीकडे फिरकू नका. पालखीमागं चार रात्री ढोल, झोप नाही, गोळ्यांचा डबा घरी फळीवर. पोरगा बडबडू लागला की वाडीतले म्हणतील ‘लागलंय त्याला’, देवळात गाऱ्हाणंही घालतील. फुकटात देखरेख होते, नाही कशाला म्हणा?

बाकीचं त्याच्या आईवर सोपवा. ती पेजेत गोळी कालवते, तो पेज कोंबड्यांना घालतो. एखाद्या सोमवारी ती मासळीची पाटी बाहेर ठेवून आत येईल, पदराच्या गाठीतलं पाकीट सोडून टेबलावर ठेवेल. “सायेब, ह्या अकरा गोळ्या उरायला नको होत्या. कोनाला दाखवू?”

रजिस्टरवरून मान वर करू नका. म्हणा, “मावशी, हितं फक्त सही होते.”