अक्षरासाठी बाळंतपणाची वेळ मागू नका

गेल्या आठवड्यात रात्री अकराला ताईचा फोन आला. पहिलटकरीण आहे, आठवा महिना चालू आहे. मुलगी झाली तर सायली, मुलगा झाला तर माधव, असं दोघांनी कधीच ठरवून टाकलंय. पण आत्याने घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला आणि तो वाचून ताई रडवेली झाली होती. "अगं, अक्षर नाही जुळलं तर?"

तो मेसेज तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. त्यात चार गोष्टी छातीठोकपणे सांगितल्यात. हाक मारायचं नाव नावरसाच्या, म्हणजे जन्मनक्षत्रावरून येणाऱ्या, अक्षरावरूनच हवं, नाहीतर मूल सारखं आजारी पडतं. सिझेरियन ठरलं असेल तर चांगलं अक्षर येईल अशी वेळ डॉक्टरांकडे मागा. नावात जोडाक्षर नको, मूल उशिरा बोलतं. आणि २१ दिवसांत नाव दिलं नाही तर जन्मदाखला मिळत नाही.

आधी सिझेरियनचं, कारण संताप त्याचाच आला. २७ नक्षत्रं, प्रत्येकाचे ४ चरण म्हणजे भाग, असे १०८ चरण आणि प्रत्येकाचं एक अक्षर. चंद्राला एक चरण ओलांडायला साधारण सहा तास लागतात. म्हणजे बाळ जन्मलं की त्या वेळी चंद्र ज्या चरणात असेल त्यावरून अक्षर काढायचं, ही पद्धत. इथे अक्षर आधी पसंत करायचं आणि बाळाला त्या वेळेला बाहेर काढायचं! ज्योतिष मानणाऱ्यालाही हे पटू नये. आणि त्यासाठी तारीख अलीकडे ओढली तर भोगणार बाळ. वैद्यकीय कारण नसेल तर ठरवून केलेलं सिझेरियन ३९ आठवड्यांच्या आत सहसा करत नाहीत, कारण त्याआधी काढलेल्या बाळांना श्वासाचा त्रास होण्याची शक्यता जास्त असते. बाळ पेटीत आणि आई वॉर्डात, हे कशासाठी? 'क' ऐवजी 'र' यावा म्हणून? तारीख डॉक्टरांनी ठरवायची. बाकी कुणीही नाही, आत्यानेसुद्धा नाही.

आता नावरस. हस्त नक्षत्राच्या तिसऱ्या चरणाचं अक्षर आहे 'ण'. आर्द्राच्या तिसऱ्याचं 'ङ'. ठेवा बघू नाव! अशा वेळी गुरुजीच दुसरं अक्षर सुचवतात, आणि त्या मुलांचं काही बिघडत नाही. शास्त्राचाच दाखला हवा असेल तर पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यांचा 'धर्मसिंधु' उघडा. १७९० च्या सुमाराचा हा ग्रंथ आपल्याकडचे गुरुजी आजही प्रमाण मानतात. त्यात बाळाची चार नावं सांगितली आहेत: देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम. बारशाला ताम्हणात तांदूळ पसरून सोन्याच्या अंगठीने नावं लिहितात, ती हीच. नक्षत्राचं नाव वेगळं, हाकेचं वेगळं. आमच्या आजीच्या पत्रिकेत जन्मनाव एक होतं आणि तिला आयुष्यभर हाक मारली दुसऱ्याच नावाने. ज्यांना नावरस पाळायचंय त्यांनी ते नाव पत्रिकेत खुशाल लिहावं, माझी हरकत नाही. पण बाळाच्या आजारपणाची भीती घालून पोटुशीची झोप उडवायचा हक्क कुणालाही नाही. बाळाला आजारापासून वाचवतात ते आईचं दूध आणि वेळेवर दिलेल्या लसी.

जोडाक्षराबद्दल फार लिहीत नाही. प्रज्ञा, श्रद्धा, कृष्णा, प्रसाद ही काय मुक्यांची नावं आहेत? मूल लहानपणी 'पसाद' म्हणेल, मग 'प्रसाद' म्हणेल. बोलायला खरंच उशीर होत असेल तर नाव बदलू नका, आधी कान तपासून घ्या.

राहिला दाखला. यात अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करते. २१ दिवसांची मुदत आहे, पण ती जन्माच्या नोंदीची, नावाची नव्हे. दवाखान्यात जन्म झाला तर ती माहिती दवाखानाच कळवतो. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्यात नाव नसतानाही जन्म नोंदवता येतो. नोंदीपासून १२ महिन्यांत नाव फुकट घालता येतं, पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. मात्र १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांच्या शाळाप्रवेशाला जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो, तेव्हा उगाच रेंगाळूही नका.

ताईला हे सगळं फोनवर सांगितलं. शेवटी म्हटलं, १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांचं नाव आपल्याकडे सरकारी कागदांवर आधी बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असं लिहितात, तसं एकदा लिहून तर बघ. थोड्या वेळाने तिने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. सायली, आणि त्याला लागून तिचं स्वतःचं नाव.