‘खाण तशी माती’ म्हणून सोयरीक मोडणाऱ्यांना उत्तर

तुळशीचे लग्न उरकले की जळगाव-धुळ्याकडे स्थळे पाहण्याची लगबग सुरू होते आणि आमच्या समाजाच्या वधू-वर गटांत एक संदेश फिरू लागतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : ज्या घरात बापाने आईला मारले त्या घरातला मुलगा किंवा मुलगी करू नये, कारण खाण तशी माती, मोठ्यांची भांडणे लहान मुले विसरून जातात, आणि मुलगा तापट असलाच तर त्याचे लग्न लावून द्यावे, तो ताळ्यावर येतो. मुले विसरत असतील तर त्यांच्यात बापाचे वळण उतरते कसे, हा प्रश्न संदेश पुढे पाठवणाऱ्यांना पडत नाही. मी तशाच घरातली मुलगी आहे, म्हणून उत्तर देते आहे.

विसरण्याचे आधी पाहू. कापसाचे पैसे हाती आले की माझे वडील पिऊन येत. लग्नानंतर कितीतरी वर्षे, नवरा नुसता दमून गप्प बसला तरी माझ्या पोटात गोळा येई, आणि वादळ येणारच असे धरून मीच आधी टोचून बोलत असे. प्रसंग आठवत नसतो तेव्हाही शरीर सावध असते, ते असे. अमेरिकेत फेलिटी आणि अँडा यांच्या १९९८ च्या अभ्यासात आईला मारहाण होणे हा बालपणीच्या आघातांचा स्वतंत्र प्रकार धरला होता, आणि अशा आघातांचे जितके अधिक प्रकार, तितकी मोठेपणी नैराश्याची व व्यसनाची शक्यता अधिक आढळली.

मग खाण तशी माती खरेच का? धोका वाढतो, हे मी नाकारत नाही. वडिलांनी आईला मारल्याचे सांगणाऱ्या स्त्रियांमध्ये पतीकडून मार खाण्याचे प्रमाण बरेच जास्त असते, हे आपल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही दिसते. परंतु त्यामागे रक्त नाही, शिकवण आहे. आखाजीला माहेरी आलेली लेक अंगावरचा वळ दाखवते आणि आई म्हणते, ‘तुझ्या बापाने मला काय कमी मारलं? निघालाच ना संसार?’ त्या क्षणी वळण पुढे जाते, आणि तिथेच ते अडवताही येते. कॉफमन आणि झिगलर यांनी १९८७ मध्ये तोवरचे अभ्यास तपासून असा अंदाज मांडला, की लहानपणी छळ सोसलेल्यांपैकी सुमारे ३० टक्के लोक पुढे आपल्या मुलांचा छळ करतात. हा आकडा पालकत्वाविषयीचा आहे, लग्नाविषयीचा नाही. तरीही बहुसंख्य लोक सोसलेले पुढे देत नाहीत, हे त्यातून स्पष्ट होते.

लग्नाने माणूस सुधारतो, या म्हणण्यात एक अर्धे सत्य आहे. हवाईतील काउआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या मुलांचा एमी वर्नर यांनी चाळिशीपर्यंत मागोवा घेतला, तेव्हा किशोरवयात भरकटलेल्या अनेकांना सावरणाऱ्या गोष्टींत स्थिर जोडीदाराची साथ ही एक होती. मात्र ती साथ होती, उपचार म्हणून घरात आणलेली सून नव्हती. तापट मुलाच्या हाती परक्याची लेक देऊन तो सुधारेल याची वाट पाहणे म्हणजे त्याच्या आईने जे सोसले ते दुसऱ्या बाईला जाणूनबुजून सोसायला लावणे होय, आणि मला या संदेशाचा सर्वांत जास्त राग इथे येतो : बापाच्या मारझोडीसाठी मुलीला नाकारायचे, मुलाच्या तापटपणासाठी मात्र मुलगी शोधायची.

मला पाहायला आल्या तेव्हा सासूबाईंनी वडिलांविषयी सगळे ऐकले होते. त्यांनी मला आतल्या खोलीत नेऊन एवढेच विचारले, ‘राग आला म्हणजे तू काय करतेस, बाई?’ मी खरे सांगितले, आणि मग हाच प्रश्न त्यांनी माझ्यासमोर आपल्या मुलालाही विचारला.